क्रेफिश पाळायचाय? मग आधी हे वाचा!

मराठीत पाण्यातल्या जिवांना नावांची अजिबात कमी नाही. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ही नावं मला शाळेत नाही तर आज्जीबरोबर मासळी बाजारात फिरताना कळली. कोळंबी वेगळी, करंदी वेगळी, जवळा वेगळा. खेकडा आणि चिंबोरीतसुद्धा फरक असतो (असं आज्जी म्हणते आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो). हॉटेलच्या मेनूकार्डावर ज्याला लॉबस्टर म्हणतात त्याला अस्सल मराठी शब्द आहे, शेवंड. पण क्रेफिशला? त्याला मराठीत शब्दच नाही!

याचं कारण अगदी साधं आहे. क्रेफिश आपल्याकडचा नाहीच. जगात त्याच्या सहाशेहून जास्त जाती आहेत. अमेरिकेत आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत, युरोपात आहेत, जपान-कोरियाकडे आहेत, अगदी मादागास्करमध्येसुद्धा आहेत. भारतीय उपखंडात मात्र निसर्गतः एकही नाही. जो प्राणी इथल्या नदीत कधी कुणाला दिसलाच नाही, त्याला नाव कोण देणार? ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी तिचं काम पडणार आहे.

आता मात्र तो आपल्याकडे आलाय, आणि तोही थेट दिवाणखान्यात. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत ‘ब्लू लॉबस्टर’ या नावाने जे काही विकतात तो लॉबस्टर नसून क्रेफिश असतो. खरा लॉबस्टर समुद्रात राहतो, हा गोड्या पाण्यात. माझ्या घरी असा एक गेलं दीड वर्ष आहे. त्याचं नाव ‘एक्स्टर्नल’. कारण कुणीही समोर आलं की तो दोन्ही नांग्या रोखून असं बघतो की जणू आता जर्नल उघडून पहिल्या पानावरचाच प्रश्न विचारणार! मोबाईलवर त्याचे फोटो बघून आमच्या वर्गातल्या चारपाच जणांनी ‘मलाही पाळायचाय’ असं म्हटलं. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढावं, म्हणून हा लेखप्रपंच.

दुकानातला ‘ब्लू लॉबस्टर’ नक्की कोण?

दुकानदार सगळ्यांना एकच नाव देतो, पण त्या एका नावाखाली वेगवेगळ्या जाती असू शकतात आणि त्यांचे स्वभाव अगदी वेगळे असतात. म्हणून आधी ओळख.

पहिला, रेड क्लॉ. शास्त्रीय नाव चेरॅक्स क्वाड्रिकॅरिनेटस. हा उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनीच्या दक्षिण भागातला. नावाचा अर्थच ‘चार कंगोरे असलेला’, कारण डोक्यावर चार उभे कंगोरे असतात. रंग निळसर-हिरवा, आणि मोठ्या नराच्या नांगीच्या बाहेरच्या कडेला लाल, मऊसा पट्टा. एक्स्टर्नल हा या जातीचा. हा मुळात उष्ण प्रदेशातला असल्यामुळे आपल्याकडच्या हवेत बरा राहतो. क्रेफिशच्या मानाने स्वभाव शांत. पण दुकानातला बोटाएवढा जीव पुढे वीस-पंचवीस सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतो, हे लक्षात घ्या.

दुसरा, अमेरिकेतल्या लुइझियानाकडचा प्रोकॅम्बॅरस क्लार्की. मूळ रंग गडद लाल, पण निळे, पांढरे, नारिंगीसुद्धा तयार केले आहेत. नांग्यांवर खरखरीत टेंगळं. आकार दहा-बारा सेंटीमीटर. हा जास्त भांडखोर आणि बिळं खणण्यात पटाईत.

तिसरा, मेक्सिकोतला बुटका क्रेफिश, कॅम्बॅरेलस पात्झक्वारेन्सिस. मेक्सिकोतल्या पात्झक्वारो तलावावरून हे नाव पडलं. याची नारिंगी जात पाळतात. पूर्ण वाढला तरी चार-पाच सेंटीमीटर. ज्यांना हिरवीगार झाडं, छोटे मासे आणि क्रेफिश असं तिन्ही एकाच टँकमध्ये हवंय, त्यांच्यासाठी मला विचाराल तर हाच एक खरा पर्याय. मोठ्या जातींबरोबर ‘तिन्ही’ जमवणं म्हणजे तडजोड आलीच.

टँक म्हणजे एक सिस्टिम

आपण इंजिनिअरिंगचे, तेव्हा आधी आकडे. रेड क्लॉसाठी टँक निदान 3 फूट लांब असावा. माझा 3 फूट बाय 1 फूट बाय सव्वा फूट आहे. म्हणजे 3.75 घनफूट, साधारण 106 लिटर. नुसतं पाणीच शंभर किलोच्या वर. त्यात काच, वाळू, दगड धरले की घरातल्या पुस्तकांच्या कपाटावर तो ठेवायचा विचारही करू नका. इथे उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण हा प्राणी पोहत नाही, तळावरून चालतो. त्याला हवी असते जमीन. शिवाय काचेवरचा पाण्याचा दाब लिटरवर नाही तर उंचीवर ठरतो, हे आपण फर्स्ट इयरलाच शिकलोय. उथळ टँक म्हणजे दोघांचाही फायदा.

टँक भरला की लगेच प्राणी आणायचा नाही. प्राण्याच्या उत्सर्जनातून आणि सडलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर वस्ती करतात आणि त्यांना तिथे रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर धीर धरायचा. नंतर दर आठवड्याला वीस-पंचवीस टक्के पाणी बदललं की साचलेलं नायट्रेट बाहेर जातं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून चकाचक धुवायचा नाही, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आपल्यासाठी जंतू मारतं, ते इथले कामगारही मारेल. टँकमध्ये घालायचं नवीन पाणीसुद्धा क्लोरीन काढूनच घालायचं. दुकानात त्यासाठी अँटिक्लोरीन मिळतं.

यात एक खाचखळगा आहे. हे बॅक्टेरिया काम करताना अ‍ॅसिड तयार करतात. अमोनियातला 1 ग्रॅम नायट्रोजन नायट्रेटपर्यंत न्यायचा तर पाण्यातली सुमारे 7 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कलिनिटी खर्ची पडते. (सिव्हिलवाल्यांना हे एन्व्हायर्नमेंटच्या पेपरला येतं.) पाणी मऊ असेल तर पीएच हळूहळू घसरत जातो, आणि क्रेफिशला नेमकं उलटं हवं असतं: थोडं जड, किंचित अल्कधर्मी पाणी. बोअरचं पाणी बहुधा जड असतं, नळाला येणारं धरणाचं पाणी बरेचदा मऊ. मऊ असेल तर फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा किंवा समुद्रफेन ठेवायचा. समुद्रफेन म्हणजे माकुलाच्या अंगातलं ते पांढरं हलकं हाड. काष्ठौषधीच्या किंवा पक्ष्यांच्या दुकानात मिळतं आणि खिशाला परवडतं.

आता ऑक्सिजन. 20 अंशांना पाण्यात दर लिटरला साधारण 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, 30 अंशांना तोच 7.6 वर येतो. म्हणजे उन्हाळ्यात पुरवठा कमी, आणि प्राण्याच्या शरीराची मागणी मात्र वाढलेली. मे महिन्यात लाईट गेली आणि पंप बंद पडला तर परिस्थिती लवकर हाताबाहेर जाते. त्यामुळे बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या. शिवाय एखादा दगड किंवा लाकूड असं ठेवा की त्यावर चढून क्रेफिशला पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचता येईल. ऑक्सिजन कमी पडला की तो वर येऊन आडवा होतो, कल्ले हवेच्या जवळ आणतो आणि वेळ निभावून नेतो. रेड क्लॉला 23 ते 30 अंश मानवतं, पस्तिशीच्या पुढे जीव धोक्यात. आमच्या डोंबिवलीत हीटर लावायची वेळ कधी आली नाही. विदर्भातल्या मित्रांनी मात्र उन्हाळ्यात टँकवर छोटा पंखा लावावा, बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. माठाचंच तत्त्व!

आणि झाकण. हे लोक पळून जाण्यात इतके तरबेज असतात की विचारू नका. एअर पंपची नळी म्हणजे त्यांच्यासाठी शिडी. कल्ले ओले असेपर्यंत ते पाण्याबाहेर काही तास जगतात, मग सोफ्याखाली वाळून मरतात. झाकण जड हवं किंवा क्लिपा लावलेलं हवं, आणि नळी-वायरसाठी ठेवलेली फट त्याच्या अंगापेक्षा लहान हवी. वायरींना प्लगच्या आधी खाली एक झोका द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल. पाणी आणि 230 व्होल्ट यांच्याशी चेष्टा नको.

कात टाकणं: सगळ्यात नाजूक काळ

क्रेफिशचं कवच कायटिन आणि कॅल्शियम कार्बोनेटचं. ते ताणत नाही. म्हणजे वाढायचं तर जुनं कवच टाकून नवं बनवायला हवं. लहान वयात हे वरचेवर होतं, मोठा झाल्यावर वर्षातून काही वेळाच.

यामागचं इंजिनिअरिंग भन्नाट आहे. कात टाकायच्या आधी तो जुन्या कवचातलं थोडं कॅल्शियम काढून घेतो आणि जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या चकत्यांच्या रूपात साठवतो. यांना गॅस्ट्रोलिथ म्हणतात. युरोपात जुन्या काळी ‘खेकड्याचे डोळे’ म्हणून या चकत्या औषधात वापरत. कात टाकली की चकत्या विरघळतात आणि ते कॅल्शियम आधी सगळ्यात गरजेच्या ठिकाणी वापरलं जातं. पण ही शिल्लक अपुरी असते. उरलेलं तो पाण्यातून घेतो आणि स्वतःचंच टाकलेलं कवच खाऊन मिळवतो.

म्हणून नियम क्रमांक एक: टाकलेलं कवच बाहेर काढायचं नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की क्रेफिश मेला, कारण ते कवच हुबेहूब त्याच्यासारखंच दिसतं, अगदी मिशांसकट. घाबरायचं नाही. खरा साहेब कुठेतरी पाईपमध्ये लपलेला असतो. नियम क्रमांक दोन: त्या दिवसांत त्याला हात लावायचा नाही आणि टँकमध्ये ढवळाढवळ करायची नाही. तो मऊ असतो, नांगीने स्वतःचा बचाव करू शकत नाही, आणि एरवी त्याला टरकून असलेले मासेही त्याचे लचके तोडू शकतात. एखादी नांगी तुटलेली असेल तर मात्र इथे चांगली बातमी आहे. पुढच्या दोनतीन कातींमध्ये ती पुन्हा येते, आधी बारीक, मग पूर्ण.

लपायला सगळ्यात उत्तम जागा म्हणजे पीव्हीसी पाईप. हार्डवेअरच्या दुकानात दोन इंची पाईपचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. कापलेल्या कडा कानशीने घासून गुळगुळीत करा (वर्कशॉपच्या तासांचा हा पहिला खराखुरा उपयोग). एका प्राण्याला निदान दोन तरी पाईप असावेत, आणि एका टँकमध्ये मोठा क्रेफिश एकच असावा. दोन ठेवले तर एक दिवस एक जण कात टाकतो आणि दुसऱ्या दिवशी टँकमध्ये एकच उरतो.

झाडं: कुणाची बाग, कुणाचं जेवण

आता मुख्य मुद्दा. अ‍ॅक्वेरियम म्हटलं की आपल्याला हिरवीगार झाडं हवीत. क्रेफिशलाही हवीत, जेवायला! शिवाय जे खात नाही तेही तो मुळाशी कुरतडून ठेवतो, मग सकाळी सगळी बाग वर तरंगते. त्याच्या बाजूने बघितलं तर यात गैर काही नाही. पाण्यातली कुजकी पानं आणि वनस्पती हे त्याचं मूळ अन्नच.

तरी तीन मार्ग आहेत. पहिला, त्याला न आवडणारी झाडं लावायची. जावा फर्न आणि अनुबियास यांची पानं चिवट असतात. ही मातीत पुरायची नसतात, काळ्या दोऱ्याने लाकडाला उंचावर बांधायची असतात. माझ्याकडे हीच दोन आहेत. कडा अधूनमधून कुरतडल्या जातात, पण झाड टिकतं. शंभर टक्के खात्री मात्र कुणी देऊ शकत नाही.

दुसरा मार्ग, तो खातो त्यापेक्षा जास्त वेगाने वाढणारी झाडं घालायची. हायड्रिला (तीच ती, शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात चंचुपात्रात असायची), व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट. ही झाडं स्वस्त आणि वाढीला जोरदार. ही शोभेची नाहीत, मेसची भाजी आहे असं समजून घालायची. तळ्यातून आणली तर आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून, पाणी बदलून मगच घाला. सोबत गोगलगायी आल्या तर चिंता नको, एक्स्टर्नल त्या सुपारीसारख्या फोडून खातो.

तिसरा मार्ग मला सगळ्यात जास्त आवडतो: मनी प्लँट. मराठी माणसाच्या घरात तो असतोच. टँकच्या बाहेर टांगलेल्या फिल्टरच्या डब्यात त्याची मुळं सोडायची, वेल वर भिंतीवर चढवायचा. मुळं नायट्रेट शोषून घेतात आणि क्रेफिशला तिथे पोचता येत नाही. हिरवळही मिळते, पाणीही सुधारतं.

मासे: शेजारी कसे निवडावेत

क्रेफिश दिवसभर माशांच्या मागे धावत नाही, त्याला तो वेग नाही. पण संधी तो सोडत नाही. रात्री मासे तळाशी सुस्तावतात आणि हा तेव्हाच फिरायला निघतो. म्हणून निवडीचं सूत्र सोपं आहे: मासे चपळ हवेत, पाण्याच्या वरच्या आणि मधल्या थरात राहणारे हवेत, आणि क्रेफिशला खाऊ शकतील इतके मोठे नकोत.

या सूत्रात आपल्या देशातलेच मासे छान बसतात. झेब्रा डॅनिओ, ज्याचं शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात केलं आणि ज्याच्यावर आज जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधन चालतं, तो अंगठ्याएवढा मासा दिवसभर वरच धावत असतो. पश्चिम घाटातल्या ओढ्यांतला मलबार डॅनिओ आणि रोझी बार्ब हेही चालतात. माझ्याकडे आठ झेब्रा आहेत. दीड वर्षात त्यातले दोन गेले. रात्री गेले, सकाळी काही सापडलं नाही, तेव्हा कुणी नेले हे सांगायला नकोच. हा हिशोब मान्य असेल तरच मासे सोबत ठेवावेत. नसेल, तर क्रेफिश एकटाही मजेत राहतो.

काय ठेवू नये? लांब शेपटीचे गोल्डफिश (बिचाऱ्यांना पळता येत नाही), तळाशी राहणारे कोरी, लोच, सकर. आणि उलट बाजूने ऑस्कर, फ्लॉवरहॉर्नसारखे दांडगट, कारण कात टाकलेला क्रेफिश हा त्यांच्यासाठी सोललेली कोळंबी असतो.

खायला काय, आणि विष काय

खाण्याच्या बाबतीत नखरे नाहीत. बुडणाऱ्या गोळ्या, उकडलेला वाटाणा, दुधी, काकडीची चकती. आठवड्यातून एकदा बिनमिठाचा सुका जवळा, म्हणजे प्रोटीन आणि कवचातलं कॅल्शियम दोन्ही. देशी बदामाची वाळलेली पानं तर त्याचं आवडतं खाणं. रस्त्याच्या कडेला हे झाड असतंच, गळून पडलेलं तपकिरी पान स्वच्छ धुवून टाकायचं. खाणं संध्याकाळी द्यावं, उरलेलं सकाळी काढावं. उपाशी क्रेफिशपेक्षा सडकं अन्न जास्त धोक्याचं.

विषाच्या बाबतीत मात्र डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. पहिलं, तांबं. गंमत म्हणजे क्रेफिशच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं जे प्रोटीन असतं, हिमोसायनिन, त्यात तांबंच असतं. ऑक्सिजन मिळाला की ते निळं होतं. पण पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला थोडंसुद्धा झेपत नाही. माशांच्या पुष्कळ औषधांत कॉपर सल्फेट, म्हणजे आपलं मोरचूद असतं. माशाला औषध द्यायचं तर मासा वेगळ्या बादलीत घ्या. दुसरं, कीटकनाशकं. क्रेफिश हा कीटकांचा नातेवाईक. जे झुरळाला मारतं ते यालाही मारतं. घरात पेस्ट कंट्रोल किंवा डासांचा स्प्रे मारणार असाल तर टँक प्लास्टिकने पूर्ण झाका आणि एअर पंप तेवढ्या वेळापुरता बंद ठेवा, कारण पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. भाजीसुद्धा चांगली धुवून.

शेपटीतला डायोड

आता थोडं आमच्या ब्रँचचं. काचेवर टकटक केली की एक्स्टर्नल शेपटी आत ओढून एका झटक्यात मागे उडतो. (हे रोज करू नये.) हा झटका काही मिलिसेकंदांत होतो, कारण त्याच्या अंगात डोक्यापासून शेपटीपर्यंत जाडजूड मज्जातंतू असतात. तंतू जितका जाड तितका संदेश वेगवान. 1959 मध्ये एडविन फर्शपन आणि डेव्हिड पॉटर यांनी याच तंतूंवर काम करताना दाखवलं की एका पेशीतून दुसरीत संदेश केमिकलच्या मध्यस्थीशिवाय, थेट विद्युत प्रवाहाने जाऊ शकतो. आणि तो प्रवाह एकाच दिशेने सहज जातो, उलट दिशेने अडतो. म्हणजे चक्क डायोड! सेकंड इयरला ज्याचं कॅरेक्टरिस्टिक काढताना आपण कंटाळतो, ते या प्राण्याच्या शेपटीत आहे. हे वाचल्यापासून मी त्याच्याकडे जरा जास्त आदराने बघते.

आणि नको झाला तर?

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा लेख लिहायचं खरं कारण हेच.

मागच्या वर्षी आमचा एक सीनिअर पास आऊट झाला, नोकरी बंगळुरूला लागली. त्याच्याकडे एक लाल क्लार्की होता. सामान बांधताना तो मला अगदी सहज म्हणाला, “उल्हास नदीत सोडून देतो गं, बिचारा मोकळा तरी होईल.” बोलण्यात कुठेही क्रूरपणा नव्हता, उलट दयाच होती. म्हणूनच ते जास्त भीतीदायक वाटलं.

का, ते सांगते. आपल्या कोळंबीच्या मोठ्या जातीची पिल्लं वाढायला खाडीचं खारट पाणी लागतं. क्रेफिशचं तसं नाही. मादी शेकड्याने अंडी पोटाखाली घेऊन फिरते आणि त्यातून थेट छोटे क्रेफिश बाहेर पडतात. सगळं गोड्या पाण्यात. त्यामुळे एखादं डबकंही त्यांना पुरतं. क्लार्की 1927 मध्ये जपानमध्ये बेडकांचं खाद्य म्हणून नेला, 1970 मध्ये केनियातल्या नैवाशा तलावात सोडला, 1973 मध्ये स्पेनमध्ये आणला. जिथे गेला तिथे पसरला. पाणवनस्पती फस्त करणं, भातशेतीचे बांध पोखरणं हे त्याचे उद्योग. आपल्या कोकणातली भातखाचरं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं सांगायला नको. शिवाय अमेरिकन क्रेफिश अ‍ॅफॅनोमायसिस नावाचा रोग अंगावर वागवतात. त्यांना स्वतःला तो फारसा बाधत नाही, पण 1860 च्या सुमारास युरोपात शिरलेल्या या रोगाने तिथल्या मूळच्या क्रेफिशचा फडशा पाडला.

‘एकटाच तर सोडतोय, एकटा काय करणार?’ याचंही उत्तर आहे. 1990 च्या दशकात जर्मनीतल्या अ‍ॅक्वेरियमच्या बाजारात संगमरवरी रेघांचा एक क्रेफिश आला. तो नराशिवाय पिल्लं देतो, हे 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. सगळ्या माद्या, सगळ्या एकमेकींच्या कॉप्या! 2018 च्या जनुकीय अभ्यासात दिसलं की जगभर पसरलेले हे क्रेफिश एकाच पूर्वज मादीच्या प्रती आहेत. मादागास्करमध्ये आज ते जोरात वाढतायत. युरोपियन युनियनने 2016 मध्ये क्लार्की आणि हा संगमरवरी अशा दोघांच्याही विक्रीवर आणि पाळण्यावर बंदी घातली.

परदेशी जलचर सोडल्यावर काय होतं हे आपण घरीही बघितलंय. 1952 मध्ये देशात आणलेली तिलापिया आज ‘चिलापी’ होऊन उजनीपासून सगळीकडे आहे. आफ्रिकन मांगूरच्या पालनावर केंद्र सरकारने 2000 मध्ये बंदी घातली, तरी तो गेलेला नाही. आणि आपल्याकडे गमावण्यासारखं खूप आहे. सह्याद्रीत गोड्या पाण्यातले असे खेकडे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. ‘घाटियाना’ हा खेकड्यांचा नवा वंश तर अगदी अलीकडे, 2014 मध्ये नोंदवला गेला. ज्यांची अजून नीट ओळखही झालेली नाही, त्यांच्या घरात हा नांगीवाला पाहुणा घुसवायचा का?

म्हणून साधे नियम. नदी, तलाव, विहीर, गटार, विसर्जनाचा हौद, कुठेही सोडायचा नाही. टँकचं पाणी आणि झाडंसुद्धा ओढ्यात टाकायची नाहीत. पाणी कुंड्यांना घाला, झाडं उन्हात पूर्ण वाळवून टाका. प्राणी नको झाला तर दुकानदाराला परत द्या किंवा पाळणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्या. आणि यातलं काहीच जमणार नसेल तर मुळात आणूच नका.

सीनिअरचा क्लार्की सध्या आमच्या गॅलरीत, वेगळ्या दोन फुटी टँकमध्ये आहे. आईच्या मते हे आता फार झालं. तिचंही बरोबरच आहे. पुढच्या वर्षी मीसुद्धा पास आऊट होईन, प्लेसमेंट कुठे मिळेल माहीत नाही, आणि रेड क्लॉ चारपाच वर्षं जगतो. माझ्या धाकट्या भावाने दोघांची जबाबदारी घ्यायचं कबूल केलंय. बदल्यात माझी सायकल त्याची झालीये. महाग सौदा, पण प्राणी आणतानाच हा प्रश्न सोडवायला हवा, चार वर्षांनी सामान बांधताना नाही.

तर मंडळी, क्रेफिश जरूर पाळा. तीन फुटांच्या पाण्यात केमिस्ट्री, फ्लुइड मेकॅनिक्स, इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडंफार मानसशास्त्र असं सगळं फुकट शिकायला मिळतं. फक्त एक करा. त्याला मराठीत नाव नाही, ते तसंच राहू द्या. आपल्या नदीकाठच्या कोळ्यांना, कातकऱ्यांना या प्राण्यासाठी नवा शब्द शोधावा लागला, तर तो आपल्यामुळे नसावा.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स